छत फोडून आलेला दगड
आभाळातून आलेले दगड : लेखांक 6

अशनी ओळखायचा कसा, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आता त्याच्या भावाबद्दल. मोकळ्या रानात पडलेल्या साध्या दगडी अशनीला परदेशी बाजारात ग्रॅममागे काही डॉलर मिळतात. तसाच दगड कुणाच्या घरावर किंवा गाडीवर पडला, की भाव कित्येक पटींनी चढतो. अशा दगडांना संग्राहक ‘हॅमर’ म्हणतात आणि ते मिळवण्यासाठी त्यांची चढाओढ लागते.

1992 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कजवळच्या पीकस्किल गावी सुमारे 12 किलोचा अशनी एका जुन्या शेव्हरोले गाडीच्या डिकीवर आदळला. काही शे डॉलरची ती गाडी त्या खड्ड्यामुळे हजारो डॉलरला विकली गेली. कोस्टा रिकात अग्वास सार्कास इथे 2019 मध्ये एका कुत्र्याच्या घराचं पत्र्याचं छप्पर अशनीनं फोडलं. 2022 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ते भोक पडलेलं खोपटं 44,100 डॉलरला गेलं, तर भोक पाडणाऱ्या दगडाला जवळपास त्याच्या निम्मेच मिळाले. दगडापेक्षा भोक महाग ठरलं! संग्राहक इथे पैसे मोजतो ते घटनेचे. त्या दगडात काय दडलंय, याच्याशी त्या भावाचा फारसा संबंध नसतो.

असे आकडे ऐकून माणसं हुरळतात. ऑगस्ट 2020 मध्ये सुमात्रा बेटावर शवपेट्या बनवणाऱ्या एका कारागिराच्या पत्र्यातून सुमारे दोन किलोचा अशनी खाली आला. तो रातोरात कोट्यधीश झाला, अशा बातम्या जगभर छापून आल्या. प्रत्यक्षात त्याच्या हाती आले सुमारे 14 हजार डॉलर. रक्कम लहान नाही, पण बातमीतले 18 लाख डॉलर कुठे आणि हे कुठे!

मालकीचं भांडण त्याहून वाईट. 30 नोव्हेंबर 1954 ला अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या सिलाकॉगा गावी जवळपास चार किलोचा दगड छत फोडून आत आला आणि रेडिओवर आपटून कोचावर झोपलेल्या गृहिणीच्या कमरेवर आदळला. बाई वाचली. पण घर भाड्याचं होतं, त्यामुळे घरमालकिणीनं दगडावर हक्क सांगितला आणि प्रकरण कोर्टात गेलं. तडजोड होईपर्यंत गिऱ्हाइकं पांगली होती. शेवटी दगड विद्यापीठाच्या संग्रहालयात गेला. त्याच अशनीचा दुसरा तुकडा शेजारच्या एका शेतकऱ्याला सापडला होता. त्यानं तो वेळेवर विकला आणि त्या पैशांत घर आणि गाडी घेतली.

आता आपल्याकडे येऊ. 29 जून 1843 ला, म्हणजे आर्द्रा नक्षत्राच्या दिवसांत, एदलाबादजवळ, आजच्या मुक्ताईनगर तालुक्यात, मानेगावला अशनी पडला. तो डायोजेनाइट या दुर्मिळ जातीचा आहे. या जातीचे दगड वेस्टा या लघुग्रहाच्या कवचातून आले, असं शास्त्रज्ञ मानतात. ‘डॉन’ हे यान 2011 मध्ये ज्या वेस्टापाशी पोचलं, त्याचा तुकडा त्याआधी 168 वर्षं आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या मातीत येऊन पडला होता. आणि नोंदीत त्याचं वजन किती? सुमारे 50 ग्रॅम. 1877 साली धुळ्याकडे भागूरला पडलेल्या अशनीचे तर 18 ग्रॅमच नोंदले आहेत. अभ्यासासाठी एवढंच हाती उरलं, म्हणून मला हे आकडे कोणत्याही लिलावापेक्षा जास्त टोचतात.

याउलट गुजरातेतल्या बनासकांठ्याचं उदाहरण घ्या. 17 ऑगस्ट 2022 ला दियोदरजवळ अशनीचा एक तुकडा कडुनिंबाच्या फांदीवर आपटून फुटला, तर दुसऱ्यानं शेजारच्या गावात एका घराच्या ओसरीवरची फरशी फोडली. तुकडे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत पोचले आणि तो अशनी ऑब्राइट जातीचा निघाला. भारतात 1852 नंतर या जातीचा अशनी पडलेला नव्हता. नागपूर जिल्ह्यात काटोलला 22 मे 2012 च्या दुपारी पडलेल्या अशनीत ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोलवर असणारं हे खनिज तिथून आपल्या हाती लागत नाही.

दगड प्रयोगशाळेत पोचवायची घाई का हवी, तर अशनीतलं लोखंड आपल्या दमट हवेत लगेच गंजू लागतं, त्यातली काही किरणोत्सारी द्रव्यं दिवसागणिक विरत जातात आणि एका पावसात विरघळणारे क्षार वाहून जातात. इंग्लंडमध्ये विंचकॉम्बला 2021 मध्ये एका घराच्या अंगणात अशनी पडला. घरच्यांनी सकाळीच तो स्वच्छ पिशव्यांत भरला आणि संग्रहालयाला देऊन टाकला. त्यामुळे त्यातलं पाणी आणि सेंद्रिय द्रव्यं जवळजवळ जशीच्या तशी तपासता आली.

पाचोरा परिसरात दगड विकणं नवं नाही. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींतले ॲपोफिलाइट, स्टिलबाइट जगभरच्या संग्राहकांकडे जातात. तो व्यापार वेगळा. ते स्फटिक खाणीत पुन्हा सापडतात. सावध राहायचं ते दुसऱ्याच धंद्यापासून. ‘राइस पुलर’च्या, म्हणजे तांदूळ ओढणाऱ्या चमत्कारी वस्तूच्या नावाखाली, वीज पडलेलं भांडं किंवा आकाशातला धातू म्हणून कोट्यवधींचं आमिष दाखवणाऱ्या टोळ्यांनी अनेकांना बुडवलं आहे. अशनी तांदूळ ओढत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. काळा जड दगड दिसला म्हणजे तो अशनी, असंही नाही. आपली अख्खी भुई काळ्या बेसाल्टची आहे.

आपल्याकडची रीत अशी, की सापडलेला अशनी जिल्हा प्रशासनामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जातो. देशाचा अशनी-संग्रह कोलकात्यात आहे. तेव्हा उद्या तुमच्या धाब्यात किंवा पत्र्यात खरोखरच एखादा दगड घुसला, तर आधी भोकाचा आणि दगडाचा जागेवरच फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. दगड धुऊ नका, फोडू नका, चुंबक घासू नका, हळद-कुंकू वाहू नका. कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवून त्याच दिवशी तहसीलदारांना कळवा, आणि दगड ताब्यात देताना पोच लिहून घ्या.