माप आणि मुखत्यारी

लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील मुरुड हे जुन्या बाजारपेठेचे गाव असून, भोवतालच्या खेड्यांतील माणसे खरेदीविक्रीसाठी येतात तशीच दवाखान्याच्या कामासाठीही प्रथम येथेच येतात, आणि प्रसंग हाताबाहेर गेला म्हणजे मग लातूरची वाट धरतात. ग्रामीण रुग्णालय ही संस्था शासनाने अशाच गावांसाठी निर्माण केली: वर जिल्ह्याचे रुग्णालय, खाली प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे, आणि मधल्या पायरीवर साधारणतः तीस खाटांचा हा दवाखाना. त्याच्या दप्तरी वैद्यकीय अधीक्षकापासून शिपायापर्यंत पदांची उतरंड असते. परंतु मध्यरात्री कळा देणाऱ्या स्त्रीच्या जवळ जी व्यक्ती हमखास असते ती अधिपरिचारिका, जिला सारा गाव केवळ ‘सिस्टर’ म्हणून ओळखतो. प्रसूतीनंतर होणारा अतिरक्तस्राव हा या सिस्टरच्या विद्येचा खरा कस पाहणारा प्रसंग होय.

या संकटाचे स्वरूप शरीररचनेतूनच उद्भवते. गर्भारपणाच्या अखेरीस मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त गर्भाशयाकडे वाहत असते, आणि वार सुटून आल्यावर तिच्या जागी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या मिटवण्यासाठी गर्भाशयाच्या स्नायूंनी स्वतःच आवळले जाऊन त्यांना चिमटीत धरण्याइतका प्रभावी दुसरा उपाय निसर्गाने ठेवलेला नाही. गर्भाशयाची ही पिशवी सैल राहिली, की धडधाकट स्त्रीही काही तासांत दगावू शकते. त्यातच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील गर्भवतींपैकी ५२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. मराठवाड्यातून दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या आणि फडावरून परतताच बाळंतपणाला दवाखाना गाठणाऱ्या स्त्रीची रक्ताची शिल्लक तर बहुधा आधीच तुटपुंजी. दुसरीला जो रक्तस्राव सोसवेल तोच तिच्या जिवावर बेततो.

म्हणून सिस्टरचे काम रक्त वाहू लागण्यापूर्वीच सुरू होते. मूल जन्मले, पोटात दुसरे मूल नाही अशी हाताने खात्री झाली, की पहिल्या मिनिटातच बाळंतिणीच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे दहा युनिट टोचायचे. एक ते तीन मिनिटांनी नाळ बांधून कापायची. मग एका हाताने ओटीपोटावरून गर्भाशय सावरून धरीत दुसऱ्या हाताने नाळेला संथ, नियंत्रित ओढ देत वार बाहेर घ्यायची. आणि ती दोन्ही अंगांनी पसरून, तिचा एखादा तुकडा आत राहिला नाही ना, हे निरखून पाहायचे. त्यानंतरचे दोन तास, दर पंधरा मिनिटांनी, बेंबीखाली हात ठेवून पिशवी घट्ट गोळा झालेली आहे की नाही हे चाचपायचे. ज्या ऑक्सिटोसिनवर एवढी भिस्त, ते दोन ते आठ अंश तापमानातच टिकते; मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वीज गेली आणि शीतकपाट बंद पडले, तर कुपी जागच्या जागी राहूनही तिचा गुण ओसरतो. दुभत्या म्हशींना पान्हा फुटावा म्हणून याच औषधाचा गैरवापर होतो या कारणास्तव केंद्र सरकारने २०१८ साली खाजगी कारखान्यांना त्याचे उत्पादन वर्ज्य केले होते. परंतु औषध दुर्मीळ होऊन बाळंतिणी दगावतील ही भीती न्यायालयापुढे मांडली गेली, आणि त्याच वर्षअखेर दिल्ली उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरवला.

एवढे करूनही अंगावरून धो धो जाऊ लागले, तर पहिली क्रिया हाक मारण्याची. कारण पुढची कामे एकटीची नव्हेत. एकजण ओटीपोटावरून पिशवी चोळते. दुसरी दोन्ही हातांना जाड सुया लावून सलाईन सुरू करते, त्यातून ऑक्सिटोसिन जाते, आणि ट्रॅनेक्झामिक आम्ल एक ग्रॅम या मात्रेने दहा मिनिटांत हळूहळू शिरेत दिले जाते. भरलेले मूत्राशय गर्भाशयाला आवळू देत नाही, म्हणून नळी घालून ते रिते केले जाते. त्याबरोबरच कारणाचा शोध चालू असतो: पिशवी सैल आहे, की कोठे फाटले आहे, की वारेचा अंश आत अडकला आहे, की रक्तच गोठेनासे झाले आहे? रक्त तरीही थांबले नाही, तर एक मूठ योनिमार्गात आणि दुसरा हात पोटावर ठेवून गर्भाशय दोहोंमध्ये दाबून धरायचे. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला उपाय तर गरिबीतील कल्पकतेचा नमुनाच आहे: रबरी नळीच्या टोकाला दोऱ्याने निरोध बांधायचा, तो गर्भाशयात सरकवून सलाईनने फुगवायचा, आणि आतून पडणाऱ्या दाबाने रक्त अडवायचे. याउपरही गरज पडली, की १०८ ची गाडी आणि लातूर.

या साऱ्या विद्येत एक मोठी उणीव दीर्घकाळ राहून गेली होती, आणि ती दूर होण्याचा इतिहास आपल्या सीमाभागाशी निगडित आहे. वाहिलेल्या रक्ताचा अंदाज सर्वत्र डोळ्यांनीच बांधला जाई. आणि चादरीत मुरलेले, पाण्यात मिसळलेले, बादलीत ओघळलेले रक्त डोळ्याला नेहमी कमीच दिसते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत १६२० स्त्रियांवर एक प्रयोग केला. त्यातील प्रसूती उपकेंद्रांवर व घरोघरी करणाऱ्या होत्या तेथल्या ए.एन.एम. (सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका) भगिनी, आणि तपासायचे होते ते मिसोप्रोस्टॉल, म्हणजे शीतकपाट व सुई या दोहोंवाचून देता येणारी गोळी. गोळीने अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले, आणि २००६ साली ‘लॅन्सेट’ने हा निष्कर्ष छापला. परंतु त्याच प्रयोगासाठी, रक्त बिनचूक मोजता यावे म्हणून, बाळंतिणीखाली अंथरायची आणि खालच्या टोकाला मापाच्या रेषा आखलेली पिशवी असलेली एक प्लास्टिकची चादर तेथे तयार झाली. तिच्याशी ताडून पाहता डोळ्यांचा अंदाज सुमारे एकतृतीयांशाने कमी भरला.

या साध्या साधनाचे पुरते मोल पुढे आफ्रिकेत सिद्ध झाले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ प्रयोगात मापाची चादर आणि सर्व उपचार एकदमच सुरू करण्याचा शिरस्ता यांची जोड घातली असता, तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया वा त्यातून ओढवणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर उतरले. एरवी अतिरक्तस्राव झालेल्यांपैकी निम्म्याच स्त्रिया वेळीच ओळखल्या जात होत्या. चादरीने हे प्रमाण ९३ टक्क्यांवर नेले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की येथे नवे औषध एकही नव्हते. जुनीच औषधे, जुन्याच हातांनी, परंतु ठरलेल्या रेषेपाशी रक्त पोहोचताच आणि एकापाठोपाठ एक नव्हे तर एका दमात दिली गेली. पाचशे मिलिलिटर ही जुनी रेषा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली तीही अलीकडे आणली असून, नाडी वा रक्तदाब बिघडलेला असेल तर तीनशेलाच हालचाल करावी असे सांगितले आहे.

या साऱ्याचा मथितार्थ मुरुडसारख्या ठिकाणी फार स्पष्ट होतो. या शतकाच्या आरंभी भारताच्या महानिबंधकांच्या पाहणीत मातामृत्यूंपैकी ३८ टक्के रक्तस्रावाने झाल्याचे आढळले होते. २०१८-२० मध्ये महाराष्ट्राचे मातामृत्यूचे प्रमाण लाख जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आले. ही घट घडवणाऱ्या हातांत सिस्टरचे हात अग्रभागी आहेत. तरी आपली आरोग्यव्यवस्था तिच्याकडे अद्याप हुकुमाची तामिली करणारी म्हणूनच पाहत असते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी ऑक्सिटोसिन टोचण्याचा इख्तियार ए.एन.एम. व परिचारिका यांना दिला, हे पाऊल योग्यच होते. परंतु ‘डॉक्टरांना विचारून सांगते’ या वाक्यात जी दहा मिनिटे जातात, तेवढ्यात जिवावर बेतण्याइतके रक्त गेलेले असू शकते. चादरीवरची रेषा ही तक्रार नव्हे, मतही नव्हे. तो पुरावा आहे, आणि पुरावा हाती असलेल्या माणसाला परवानगीची वाट पाहायला लावणे हा कारभाराचा दोष होय. म्हणून शीतकपाटाला अखंड वीज, बाळंतिणीखाली मापाची चादर, आणि रेषा ओलांडली जाताच संपूर्ण उपचार स्वतःच्या सहीने सुरू करण्याची लेखी मुखत्यारी, या तीन गोष्टींची तरतूद प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एकत्रच झाली पाहिजे. कारण यांपैकी कोणतीही एक वगळली, तर उरलेल्या दोहोंचा उपयोग निम्म्यानेही होत नाही.