दिवाळीनंतरचा आठवडा : घरगुती सुखे व अग्निरक्षण

भाऊबीज आटोपली की वडूजच्या एस.टी. स्थानकावर परतीच्या प्रवाशांची गर्दी सुरू होते. खटाव-माण हा अवर्षणप्रवण भाग. पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यास गेलेली आणि गलाई व्यवसायानिमित्त परप्रांतांत स्थिरावलेली मंडळी सणाला गावी येतात व आठवड्याभरात परततात. याच आठवड्यात आपल्या चिकित्सालयांत दोन प्रकारचे रुग्ण प्रामुख्याने दिसतात. पहिले आम्लोद्गार, आध्मान व मलावष्टंभाने त्रस्त झालेले. ते ‘पोट साफ होण्याचे चूर्ण’ मागतात. दुसरे घरी मागे राहिलेले वृद्ध; झोप येत नाही, अन्न गोड लागत नाही, एवढेच ते सांगतात. या दोहोंसाठी औषधाच्या आधी घरातील लहानसहान सुखांचा विचार करावा, हे सुचविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्रदृष्टी

आश्विन व कार्तिक हे शरद ऋतूचे महिने. हा पित्तप्रकोपाचा काळ. अष्टांगहृदयात या ऋतूतील वर्ज्य गोष्टींमध्ये तेल, दही, क्षार व दिवास्वाप यांच्या बरोबरीने ‘सौहित्य’, म्हणजे आकंठ तृप्ती होईपर्यंत भोजन, याचाही समावेश आहे. आपला सर्वांत मोठा सण नेमका याच काळात येतो आणि तळलेले पदार्थ, जागरण व अवेळी भोजन सोबत घेऊन येतो. पुढे कार्तिकाचे अखेरचे आठ व मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस शार्ङ्गधराने ‘यमदंष्ट्रा’ या नावाने सांगितले असून त्या काळात अल्पाहार हाच रक्षक मानला आहे. आपल्याकडील अमान्त पंचांगानुसार पाडव्यापासून तेथपर्यंत सुमारे तीन आठवडे मिळतात. त्यांतील पहिला आठवडा अग्नी सावरण्याचा.

शोधनानंतरचा संसर्जनक्रम येथे जसाच्या तसा लागू होत नाही, कारण शोधन झालेलेच नसते. परंतु मंद अग्नीला लहान ठिणगीप्रमाणे आधी गवतकाडी व मगच लाकूड द्यावे, हे त्यामागील तत्त्व मात्र येथेही उपयुक्त ठरते.

पूजेतून उरलेली औषधे

विशेष म्हणजे या आठवड्यास लागणारी द्रव्ये सणानेच घरात आणून ठेवलेली असतात. लक्ष्मीपूजनाच्या साळीच्या लाह्या उरतात व बहुधा वाया जातात. लाजा लघू, शीत व तृष्णा-छर्दिनाशक आहेत. लाह्यांची पातळ पेज सैंधव घालून रात्रीच्या भोजनाऐवजी दोन दिवस घेतली तरी पोटाला हलकेपणा येतो. धनत्रयोदशीच्या नैवेद्यातील धण्यांचा हिम करता येतो. एक भाग भरडलेले धणे सहा भाग पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळावेत व खडीसाखर घालून प्यावेत. अंतर्दाह व तृष्णा यांवर शार्ङ्गधराने हा योग सांगितला आहे. मधुमेही रुग्णास अर्थातच साखर वर्ज्य.

उरलेले उटणे डब्यात पडून राहण्यापेक्षा आठवडाभर उद्वर्तनासाठी वापरावे. मुगाचे कढण, तुपाचा थेंब घातलेला मऊ भात, दुधी वा पडवळाची भाजी आणि ज्वारीची भाकरी असा साधा आहार ठेवावा. मूग, शाली व आवळा ही तर शरदातील पथ्यद्रव्येच होत. कार्तिक शुद्ध नवमीला येणारी आवळेनवमी या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते. ताकाचा सल्ला मात्र सरसकट देऊ नये. उष्ण काळात व पित्तविकारात ते निषिद्ध आहे.

मनःसुख

चरकाचार्यांनी अग्र्य द्रव्यांच्या प्रकरणात प्रीणन करणाऱ्यांत हर्ष आणि रोग वाढविणाऱ्यांत विषाद श्रेष्ठ सांगितला आहे. निद्रा आणणाऱ्या उपायांत अभ्यंग, स्नान व संवाहन यांच्याबरोबर मनःसुखही त्यांनी गणले आहे. नातवंडे परतल्यावर रिकाम्या झालेल्या घरातील आजोबांना केवळ निद्राकर वटी देऊन भागत नाही. रात्री कोणीतरी काशाच्या वाटीने त्यांचे तळपाय चोळावेत. आजींना शेजारणीबरोबर बसून आवळे किसण्याचे काम द्यावे. परगावच्या मुलाने ठरल्या वेळी दूरध्वनी करावा. हे सारे चिकित्सापत्रावर लिहिण्यास संकोच कशाला?

शरदात प्रदोषकाळी चंद्रकिरणांचे सेवन हितकर सांगितले आहे. हा आठवडा शुक्लपक्षाचा असल्याने द्वितीयेपासून चंद्रकोर नेमकी सायंकाळीच दिसते व रोज थोडी अधिक वेळ राहते. जेवणानंतर अंगणात शतपावली घालावी, चार गोष्टी बोलाव्यात आणि दव पडण्यापूर्वी घरात यावे. ऋतुचर्येचे एवढे सुखद पालन दुसरे कोणते?

रात्रीच्या प्रवासाने थकलेल्यांना व वृद्धांना दिवसा झोपण्याची मुभा आहे. अजीर्ण असल्यास ही झोप भोजनापूर्वी घ्यावी. इतरांनी मात्र दुपारची झोप टाळावी.

आपले कर्तव्य

औषधी दुकानदार बंधूंना विशेष विनंती. सोनामुखीयुक्त चूर्णांची मागणी या दिवसांत वाढते. वारंवार सेवनाने कोष्ठास त्यांची सवय लागते व मूळ अग्निमांद्य तसेच राहते. म्हणून चूर्ण हाती देण्यापूर्वी किती दिवसांचा त्रास आहे, पूर्वी काय घेतले आणि रुग्ण गर्भिणी वा वृद्ध आहे काय, एवढे तरी विचारावे. तसेच छातीतील जळजळ हे नेहमीच फराळाचे पित्त नसते. मधुमेही, उच्च रक्तदाबाचे वा वयस्क रुग्ण छातीत दडपण, घाम, धाप किंवा डाव्या हाताकडे वेदना सांगत असतील, तर पाचक देऊन वाट न पाहता त्यांना तत्काळ हृद्‌आलेखाची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. काळा मल व रक्ताची उलटी यांबाबतही हाच नियम पाळावा.

हे धोके वगळल्यावर जे बहुसंख्य रुग्ण उरतात, त्यांना लाह्यांची पेज, वेळेवरचे साधे जेवण, तळपायांचा अभ्यंग आणि अंगणातील चंद्रप्रकाश पुरेसा होतो. या उपचारांत दुकानाचा गल्ला फारसा भरत नाही, हे खरे. परंतु ज्या वैद्याने घरातील सुखाची वाट दाखविली, त्याच्याकडे रुग्ण पुढील वर्षीही विश्वासाने येतो, आणि आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा अशा विश्वासावरच उभी आहे.