किती झोपवलीस?

रविवारी दुपारपर्यंत सातारा-सांगलीच्या रायडर मंडळींचे मोबाइल फोटोंनी भरून जातात. यवतेश्वर चढून कासकडे जातानाचे, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखालचे, पसरणी घाटात खाली वाई दिसेल असे. यातला भाव खाऊन जातो तो एकच प्रकार, वळणावर गाडी पार आडवी झालेला फोटो. त्यावर पहिला प्रश्नही ठरलेला : ‘भावा, किती झोपवलीस?’

प्रश्न चुकीचा आहे, पण त्याचं उत्तर गणितात आहे. गाडी किती कलणार हे तिचा वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात; वजनाचा त्यात जवळपास संबंध नाही. बुलेट असो की स्प्लेंडर, २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किलोमीटरला गाडी साधारण २० अंश कलते, ४० ला ३२ अंश आणि ५० ला जवळजवळ ४५. वेगाचा वर्ग होतो, म्हणून शेवटचे दहा किलोमीटर इतके महाग पडतात. मोटोजीपीवाले ६० अंशांपलीकडे जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ते आपल्याकडच्या प्रेक्षकांनी समोर पाहिलं. पण तिथला टायर वेगळा, डांबर झाडलेलं आणि समोरून एसटी येत नाही. घाटात ४५ अंश कललेल्या गाडीला खडीच्या चार दाण्यांपुरतीही सवलत उरलेली नसते. मग ज्याचा फोटो कमी आडवा, तो त्याच वळणावरून सावकाश गेला किंवा त्याने वाट चांगली निवडली. दोन्ही गोष्टी कौतुकाच्या आहेत, फक्त फोटोत दिसत नाहीत.

गाडी कलते कशी, हे वर्षानुवर्षं चालवणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. विमान बनवण्याआधी सायकलींचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटने कित्येक सायकलस्वारांना विचारलं होतं की डावीकडे वळताना तुम्ही काय करता. पहिल्या झटक्यात पूर्ण बरोबर उत्तर कोणीच दिलं नाही. उत्तर असं : हँडल आधी किंचित उजवीकडे जातं, त्याने गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. मोटारसायकलवर हे मुद्दाम करायचं, म्हणजे डावीकडे जायचं तर डावं हँडल हलकेच पुढे दाबायचं. आयत्या वेळी वळण आणखी आवळलं, तर हाच दाब वाढवायचा असतो. घाबरलेला माणूस नेमका उलट वागतो. ब्रेक आवळतो, कठड्याकडे बघत राहतो आणि गाडी नजरेमागे जाते.

वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच उतरवावा. पुढे नजर ठेवायची ती रस्त्याच्या दोन कडा जिथे मिळताना दिसतात त्या बिंदूवर. बिंदू पुढे पळू लागला की वळण उलगडतंय. जागीच थांबला किंवा अंगावर येऊ लागला की ते आवळतंय, अजून वेग कमी करा. आत घुसायची घाईही नको. घाटात पलीकडचं दिसेपर्यंत बाहेरच्या बाजूने, पण आपल्याच लेनमध्ये राहावं आणि उशिरा आत यावं. उजवं वळण जास्त फसवं असतं. चाकं पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे असतात, पण कललेल्या माणसाचं डोकं पट्टीपलीकडे, समोरच्याच्या रस्त्यात गेलेलं असतं. आंबेनळीसारख्या अरुंद घाटात समोरून ट्रक आला तर त्याला बाजूला सरायला जागाच कुठे असते?

समोरून कोणी येणार नसलं तरी वळण माफ करत नाही, हे पाहायचं तर खंबाटकी. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना या घाटातला जुना बोगदा ओलांडला की उतार आणि लगेच ‘एस’ वळण. तिथे गाड्या एकाच दिशेने जातात, तरीही ते वळण अपघातांसाठीच बदनाम झालं.

उतारावर आपल्याकडे आणखी एक जुना रोग आहे. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकून घाट उतरायची. इंजिनाचा अडसर निघून जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि वळणावर मागच्या चाकाला हवी ती ओढही मिळत नाही. गाडी गिअरमध्येच उतरवावी. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावं, तसा नियमच आहे.

फोटो काढणाऱ्या दोस्ताची जागाही बहुधा चुकते. तो वळणाच्या बाहेरच्या कडेला उभा राहतो, कारण तिथून गाडी झकास दिसते. घसरलेली गाडी सुटते तीही त्याच बाजूला.

सांगलीकरांची गोष्ट थोडी निराळी. त्यांचा रस्ता पेठ नाक्यापर्यंत जवळपास सपाट, घाटाची सवय रविवारपुरती. पण गाळप हंगामात त्यांच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या असतात, अनेकींना मागे रिफ्लेक्टर नाही, आणि वळणावर सांडलेला ऊस व पाचट चाकाखाली येतं. दहिवर पडलं की ते पाचट साबणासारखं होतं. तिथे गाडी जितकी उभी ठेवता येईल तितकी ठेवायची आणि ब्रेक पाचटाच्या अलीकडेच संपवायचा.