आरएक्स १०० पांदणीवर चालवायची असेल तर

१९८५ ते १९९६ या काळात विकली गेलेली यामाहा आरएक्स १०० बडनेऱ्याकडे अजून जीव लावून सांभाळली जाते. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. पण ताकद येते वरच्या आरपीएमला, तीही एकदम. गिट्टीच्या पांदणीवर मागचं चाक नेमकं तेव्हाच घसरतं.

पहिला उपाय स्प्रॉकेटचा. पुढचं एका दातानं लहान करा; मागचं साधारण तीन दातांनी मोठं केल्याइतका फरक पडतो, खर्चही कमी. टॉप स्पीड जाईल. जाऊ द्या, पांदणीवर शंभरनं कोण पळवतं भाऊ? मॅग्नेटच्या फ्लायव्हीलला वजन जोडलं (बॅलन्स करूनच!) की पिकअपचा झटका मऊ होतो, हळू चालवताना इंजिन पटकन बंद पडत नाही. सायलेन्सरच्या जागी रेसचा चेंबर बसवला असेल तर तो मात्र काढाच. आवाजाची हौस भागते, पण खालची ओढ जाते.

लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवू नका. ऑटोल्युब पंपाचं तेल थ्रॉटलप्रमाणे कमी-जास्त होतं, म्हणून थ्रॉटल बंद असताना फिरत्या इंजिनला तेल कमी पडतं. मधूनमधून क्लच दाबून रेस द्या.

काळी माती ओली असेल तर गाडी घरीच बरी. आणि पोहरा-मालखेडच्या राखीव जंगलात कृपया घुसू नका.