एका घरातले दोन नळ

एकाच घरात स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी एका चवीचे लागते आणि न्हाणीघरातल्या नळाचे दुसऱ्याच, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. घरातली वडीलधारी माणसे तर एक घोट घेऊन सांगतात, 'हे वरच्या टाकीतले दिसतेय.' गाव एक, घर एक, मग चव दोन कशा? आणि जे पाणी चवीला बरे, तेच प्यायला चांगले, हा आपला समज कितपत खरा?

अगदी शुद्ध पाण्याला चव नसते म्हटले तरी चालेल; वाफ थंड करून मिळवलेले पाणी मिळमिळीत लागते. पाण्याला चव येते ती त्यात विरघळलेल्या पदार्थांमुळे. पनवेलचेच उदाहरण घ्या. माथेरानच्या डोंगरातून येणाऱ्या गाढी नदीवरचे देहरंग धरण हा शहराचा जुना आधार. त्याशिवाय पाताळगंगेचे पाणी येते, तर सिडकोच्या वसाहतींना पेणजवळच्या हेटवणे धरणाचे पाणी मिळते. धरणात साठलेल्या पावसाच्या पाण्यात क्षार कमी. काळ्या पाषाणातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यात मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. मग डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. शाळेत आपण त्याला दुष्फेन पाणी म्हणतो. खाडीजवळच्या विहिरीचे पाणी तर मचूळच. तेव्हा घरातला एक नळ धरणाच्या पाण्याचा आणि दुसरा विहिरीवरच्या पंपाचा असेल, तर कोडे तिथेच सुटले.

पण दोन्ही नळांना एकच पाणी येत असले तरी चव बदलते. त्याचे पहिले कारण क्लोरीन. जंतू मारण्यासाठी पाण्यात क्लोरीन घालतात. खेड्यात आपण टीसीएल पावडर टाकतो, तीही त्यासाठीच. जंतू मारून झाल्यावरही थोडा क्लोरीन पाण्यात उरला पाहिजे, म्हणजे वाटेत नवी घाण मिसळली तर तो तिला तोंड देतो. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावा. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत अवघा 0.2 ग्रॅम! रस्त्यावरच्या नळातून थेट स्वयंपाकघरात येणाऱ्या पाण्याला त्याचा वास येतो. तेच पाणी गच्चीवरच्या टाकीत दिवसभर उन्हात राहिले की क्लोरीन काही उडून जातो, काही टाकीतल्या गाळाशी झगडण्यात खर्ची पडतो. वास गेला, पाणी 'गोड' लागू लागले. पण त्याचा पहारेकरीही गेला.

दुसरे कारण नळ स्वतः. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळात रात्रभर पाणी तुंबून राहिले की त्यात थोडे जस्त आणि लोह उतरते. सकाळचे पहिले पाणी तुरट किंवा गंजट लागते ते यामुळे. त्याच पाण्याचा चहा केला तर कधी कधी काळसर दिसतो, कारण लोहाचा आणि चहातल्या तुरट द्रव्याचा संयोग होतो. जी तोटी दिवसातून दहा वेळा उघडते तिचे पाणी ताजे. पाहुण्यांच्या खोलीतली तोटी महिन्यातून एकदा उघडणार, तिचे पाणी शिळे.

तिसरे कारण आपण स्वतः. गार पाण्यात वास कमी जाणवतो, कोमट पाण्यात जास्त. म्हणून तापलेल्या टाकीचे पाणी नकोसे वाटते आणि माठातले गोड लागते. आवळा खाऊन पाणी प्यायले तर ते गोड लागते, हे शाळेतले पोरही सांगेल. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला बराच भाग नाकाचा असतो, आणि नाक मोठे तिखट! तलावातल्या काही सूक्ष्म जीवांपासून जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार होतो. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, त्यातही तो असतो. एका लिटरमध्ये ग्रॅमचे दहा अब्जांश इतका असला तरी पाण्याचा मातकट वास पुष्कळांना कळतो. तेवढ्याने अपाय मात्र होत नाही.

आता खरा मुद्दा. ज्या वस्तूंची चव लागते त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी असतात. आणि ज्या जंतूंनी माणूस दगावतो, त्यांना ना चव, ना वास. 1854 साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाच्या पाण्यातून कॉलरा पसरला. त्या पेठेतून दूर हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा बाई त्या पंपाचे पाणी आवडते म्हणून रोज बाटलीतून मागवत असे. तिच्या नव्या वस्तीत साथ नव्हती, तरी ती कॉलऱ्याने गेली. तिच्याकडे येऊन तेच पाणी प्यालेली भाचीही गेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी या दोन मृत्यूंवरूनही पंपाकडे बोट दाखवले. जिभेने ज्या पाण्याला पसंती दिली, त्यानेच घात केला.

म्हणून घरोघरी एवढे करावे. पिण्याचे पाणी शक्यतो थेट येणाऱ्या नळाचे भरावे. सकाळचे पहिले पाणी भांड्यांना किंवा झाडांना घालावे, वाया दवडू नये. आपल्याकडे पाणी ठराविक वेळीच येते. नळ रिकामा असताना फुटक्या सांध्यातून आजूबाजूच्या गटाराची घाण आत ओढली जाऊ शकते. तेव्हा पाणी आल्यावर पहिली धार गढूळ दिसली किंवा तिला घाण वास आला, तर ते पिऊ नये, उकळूनही विसंबू नये. पाणीखात्याला लगेच कळवावे. टाकीला घट्ट झाकण हवे, आणि वर्षातून दोनदा तरी ती धुवावी.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवतो. आरोग्य सेवकाकडून ओटी चाचणीचे द्रावण मागून घ्या. शाळेतल्या प्रत्येक नळाचे पाणी वेगळ्या नळीत घेऊन त्यात त्याचे थेंब टाका. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होईल, नसेल तर रंग येणार नाही. मुलांना पाण्याचा फक्त वास घेऊ द्या, चव नको. आणि चाचणीचे पाणी तुम्ही स्वतः लगेच ओतून टाका. मग मुलांनाच विचारा, कोणत्या नळाला रंग आला नाही आणि त्याची टाकी कधी धुतली होती? उत्तर फळ्यावर तारखेसकट लिहा, आणि ग्रामपंचायतीलाही कळवा.