आधी आईचं ताट वाढा

‘कुपोषण’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मेळघाट. हातापायाच्या काड्या झालेलं, मोठ्या डोळ्यांनी बघणारं एखादं लेकरू. वर्तमानपत्रातला तो फोटो बघून आपण हळहळतो, ‘काय बाई हे’ म्हणतो आणि पान उलटतो. आपल्याच आळीत, फ्रीज-टीव्ही असलेल्या घरात, दारात मोटारसायकल उभी असलेल्या घरात कुपोषण असेल, हे काही मनात येत नाही.

मराठवाड्यातल्या एका तालुक्यात मी बरीच वर्षं अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. मुलांची वजनं घेणं, सेविकांची रजिस्टरं तपासणं, आयांना समजावणं यातच नोकरी गेली. त्या अनुभवावरून सांगते, कुपोषण घराच्या भिंती पक्क्या आहेत की कुडाच्या, हे विचारून येत नाही. गरिबाच्या घरी ते जास्त येतं आणि जास्त छळतं, हे खरंच. पण खात्यापित्या घरातही ते गुपचूप येऊन बसतं.

आकडेच बघू या ना. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांमागे पस्तीस मुलं वयाच्या मानाने बुटकी होती. छत्तीस मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी होतं. आणि शंभरातली पंचवीसेक मुलं उंचीच्या मानाने रोडावलेली. आपलं राज्य पुढारलेलं म्हणवतं! शंभरात पस्तीस म्हणजे प्रत्येक तिसरं मूल. ही सगळी मुलं काय फक्त मेळघाटात आणि नंदुरबारमध्ये राहतात?

हे बदलतच नाही असं मात्र नाही, मैत्रिणींनो. २००५ साली राज्याने औरंगाबाद विभागातून ‘राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन’ सुरू केलं. व्ही. रमणी हे सनदी अधिकारी त्याचे प्रमुख होते. प्रत्येक मूल वजनकाट्यावर आलंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. पुढे २०१२ साली राज्यात पोषणाचं स्वतंत्र सर्वेक्षण झालं. २००५-०६ मध्ये दोन वर्षांखालच्या शंभर मुलांमागे एकोणचाळीस बुटकी होती, ती चोविसाच्या आसपास आली होती. इतक्या कमी वर्षांत इतका फरक! आईचं शिक्षण, पहिल्या बाळंतपणाच्या वेळचं तिचं वय, गरोदरपणातल्या तपासण्या, बाळाला वेळेवर वरचं अन्न अशी कारणं अभ्यासकांनी त्यामागे मांडली. बघा, यातलं बहुतेक सगळं बाईभोवतीच फिरतं. पुढच्या सर्वेक्षणांत मात्र ही घसरण तशीच चालू राहिलेली दिसली नाही. म्हणून तर हा विषय पुन्हा काढायचा.

हजार दिवसांचा हिशेब

पोषणवाले ‘पहिले हजार दिवस’ म्हणतात. हिशेब सोपा आहे. गरोदरपणाचे २७० दिवस आणि बाळाच्या पहिल्या दोन वर्षांचे ७३०. या काळात मेंदूची आणि उंचीची जी वाढ होते, तिची कसर पुढे टॉनिकच्या बाटल्या पाजून भरून निघत नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. बहुतेक बाळं तोवर गुटगुटीत असतात. सहा महिने पूर्ण झाले की आईचं दूध एकटं पुरत नाही. आणि गाडी घसरते ती इथेच.

एका बागायतदाराच्या घरातला मुलगा आठवतो. वय चौदा महिने, वजन सात किलो सहाशे ग्रॅम. या वयाच्या मुलाचं वजन दहाच्या आसपास असावं, अगदी खाली म्हटलं तरी आठच्या वर. दंडाला पट्टी लावली तर पिवळी आली. आजी चिडल्याच. “कुपोषण? आमच्या घरात? अहो बाई, दोन म्हशी आहेत दावणीला. दुधाला तोटा नाही!”

मी म्हटलं, “आजी, दूध आहेच हो. पण बाळ दिवसभरात खातं काय, ते सांगा.”

सकाळी चहात बुडवलेली दोन बिस्किटं. मग पाणी घातलेल्या म्हशीच्या दुधाची बाटली. दुपारी वाटीभर डाळीचं पाणी. संध्याकाळी रडायला लागला की काका दुकानातून कुरकुरीत पुडा आणून देणार. रात्री पुन्हा बाटली. बाळाचं पोट दिवसभर भरलेलं होतं, पण पाण्याने आणि पिठाने. शिवाय मामाला रजा मिळाली नाही म्हणून सहाव्या महिन्यातलं उष्टावण आठव्यात गेलेलं. आपल्याकडे मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात करतात. कार्यक्रम हवा तेव्हा करा, चांदीची वाटी-चमचाही आणा. पण सहा महिने पूर्ण झाले की बाळाच्या तोंडात घास पडलाच पाहिजे. त्याची भूक मामाच्या रजेसाठी थांबत नाही.

आणि ते डाळीचं पाणी! किती घरांत मी ते बघितलं असेल. डाळ शिजवायची, वरचं पिवळं पाणी बाळाला आणि खालची डाळ मोठ्यांच्या आमटीला. सगळा कस तर खाली राहिलेल्या डाळीतच असतो. बाळाचं पोट असतं एवढंसं. त्यात पातळ काही ओतलं की जागाच उरत नाही. म्हणून ओळखायची खूण एकच, चमचा तिरका केला तर अन्न घरंगळून पडता कामा नये. मऊ घोटलेला वरणभात, वर चमचाभर तूप किंवा तेल. लहान चमचाभर तेला-तुपात पंचेचाळीस उष्मांक असतात, घास न वाढवता ताकद वाढते. नाचणीची घट्ट खीर, कुस्करलेलं केळं, पोळीचा दुधातला काला, खात असाल तर उकडलेलं अंडं. पालेभाजी बारीक करून वरणात. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा आणि वर्षानंतर मधलं खाणंही. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच ठेवायचं.

त्या घरात आम्ही नवं काही विकत आणायला सांगितलं नाही. बाटली, बिस्किटं आणि पुडे बंद करायला लावले आणि घरचंच अन्न घट्ट करून, दिवसातून पाच वेळा, बाळाच्या वेगळ्या वाटीत द्यायला सांगितलं. वेगळी वाटी अशासाठी, की बाळाने नेमकं किती खाल्लं ते कळतं. तीन महिन्यांनी काटा आठ किलो आठशेवर होता. आजींनीच मग शेजारच्या सुनेला बोलावून सांगितलं, “पाणी नको गं, डाळ घाल.”

बाळाच्या आधी आई

आता थोडं कडू बोलते. आपल्या घरात शेवटी कोण जेवतं? आधी पुरुष, मग मुलं, मग सासूबाई आणि भांड्यात उरेल ते सुनेला. ती पोटुशी असली तरी! भाजी संपलेली असते, मग चटणी-भाकरी नाहीतर चहा-पोळी. कुणी मुद्दाम उपाशी ठेवत नाही हो, पण ठेवलं तरी जातंच. २०१९-२१च्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. जिची स्वतःचीच वाढ पुरी झाली नाही, रक्त कमी आहे, तिच्या पोटी अडीच किलोच्या आतलं बाळ जन्मलं तर नवल काय? त्या बाळाचं कुपोषण आईच्या ताटात सुरू झालेलं असतं.

‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल’ असं म्हणणाऱ्या सासवाही मला भेटल्या. त्यांना मी सांगायचे, गरोदरपणात दहा-बारा किलो वजन वाढायला हवं. लोहाच्या गोळ्या रोज घ्यायच्या, पण चहाबरोबर नाही. चहाने लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू पिळलं तर चांगलं लागतं. आदिवासी भागात राज्याने २०१५ पासून ‘अमृत आहार योजना’ आणली, गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण गरम जेवण. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती बाई तिथे बसून, स्वतःच्या ताटात, स्वतःसाठी जेवते. घरी नेलेलं पाकीट मात्र सगळ्या घरात वाटलं जातं. कधी शेळीच्या पुढेही पडतं.

चौदा दिवस कोण बघणार?

पण सगळीच घरं दोन म्हशींची नसतात. आमच्या तालुक्यातून दिवाळीच्या सुमाराला निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. मुलं बरोबर. पाच-सहा महिने उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत. ना वजन, ना लस, ना आहार. आई पहाटे कोयता घेऊन जाणार आणि बाळ मोठ्या भावंडाच्या कडेवर. पाडव्यानंतर माणसं परतली की आमच्या सेविका आधी पट्टी घेऊन त्या वस्तीत जायच्या.

ही पट्टी म्हणजे सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजायची फीत. साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त असला तर हिरवी, साडेअकरा ते साडेबारा पिवळी, साडेअकराच्या खाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण. दोन्ही पायांना सूज असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडत असेल, तर तेही तीव्रच. साधा जुलाब-खोकलाही अशा बाळाच्या जिवावर बेततो.

एकोणीस महिन्यांची एक मुलगी अकरा सेंटिमीटरवर आली. वाटी पुढे केली तरी तोंड फिरवायची. भूकच मेली की गावातलं बाल विकास केंद्र पुरत नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावं लागतं, साधारण चौदा दिवस, आईसकट. उपचार फुकट, आईला बुडीत मजुरीही मिळते. तरी तिची आई जागची हलेना. जेमतेम विशीची पोर. म्हणाली, “मॅडम, मी तिकडं बसले तर ह्याला कोण बघंल?” चार वर्षांचा मुलगा तिच्या पदराला धरून उभा. नवरा दुसऱ्या गावाला कामावर.

माझ्याकडे योजना होती, गाडी होती, कागद होते. या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ते शेजारणीने दिलं. दारातूनच म्हणाली, “ऱ्हाऊ दे त्याला माझ्याकडं. चार पोरांत पाचवं. जा तू.”

मुलगी वाचली. परत आली तेव्हा पट्टी पिवळी होती आणि ती दोन्ही हातांनी भाकरी ओढत होती. दिवाळीत कुटुंब पुन्हा उसाला गेलं. जाताना सेविकेने तिच्या आईला सांगून ठेवलं, जिथे जाल तिथल्या अंगणवाडीत नाव सांगा, आहार मिळतो. पुढच्या पाडव्याला ती परतली तेव्हाही पट्टी पिवळीच होती. हिरवी नाही. पण लालही नाही.

म्हणून वाटतं, योजना हव्यात, डॉक्टर हवेत, पण त्यांच्या आणि बाळाच्या मधली जी चार पावलं आहेत ती आपल्यालाच चालायची आहेत. आपल्या गल्लीतलं, बांधकामावरचं, धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींचं बाळ शेवटचं कधी वजनकाट्यावर गेलं, ते विचारा. अंगणवाडीताईंकडे पट्टी असते, दंड मोजायला एक मिनिट लागतं. बाळ जुलाबातून उठलं असेल तर त्याला दोन आठवडे एक जेवण जास्त द्यायला सांगा. एखादी आई दवाखान्यात निघाली असेल तर तिचं दुसरं लेकरू चार दिवस सांभाळा.

आणि घरात कुणी पोटुशी, बाळंतीण असेल, तर आजपासून एवढं करा. वाढायला घ्याल तेव्हा पहिलं ताट तिचं.