रक्तातील दुग्धाम्ल काय सांगते?

अतिदक्षता विभागाच्या दाराशी ताटकळलेल्या नातेवाइकांचा प्रश्न एकच असतो: रोगी वाचेल ना? डॉक्टर म्हणतात, रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या. त्या रिपोर्टावर कितपत हवाला ठेवावा, हे पाहण्यासाठी आपण एकच घटक घेऊ. त्याला डॉक्टर लॅक्टेट म्हणतात. आपल्या भाषेत ते दुग्धाम्ल. दह्याला आंबटपणा येतो तो याच आम्लाने.

जोराने धावलो म्हणजे आपल्या स्नायूंतही ते तयार होते, आणि मुख्यतः यकृत त्याची विल्हेवाट लावते. परंतु रुधिराभिसरण ढासळून पेशींना प्राणवायूचा तुटवडा पडला, की त्या प्राणवायूवाचून साखर मोडून निभावून नेऊ लागतात, आणि हे आम्ल रक्तात साचते. बाळंतज्वराने दगावलेल्या स्त्रियांच्या रक्तात ते योहान योझेफ शेरर या जर्मन वैद्याने १८४३ मध्येच दाखवून दिले होते.

त्याचा भविष्य वर्तविण्यासाठी उपयोग मात्र पुष्कळ उशिरा झाला. लॉस एंजेलिसचे मॅक्स हॅरी वाइल आणि त्यांचे सहकारी अफिफी यांनी १९७० मध्ये दाखविले की, रुधिराभिसरण कोसळलेल्या रोग्यांत हे प्रमाण लिटरमागे सुमारे २ मिलिमोलवरून ८ वर गेले, तर जगण्याची शक्यता शेकडा ९० वरून १० वर येते. आकडा भयंकर खरा. पण तो समुदायाचा आहे. शंभरांतले दहा वाचतील एवढेच तो सांगतो. समोरच्या खाटेवरचा माणूस त्या दहांतला की नव्वदांतला, याविषयी तो मूक असतो. या फरकाकडे दुर्लक्ष केले म्हणजे घरचे लोक विनाकारण धीर तरी सोडतात, नाहीतर खोटा धीर धरतात.

शिवाय हे आम्ल वाढायला इतरही कारणे आहेत. अपस्माराचा झटका येऊन गेला असेल, यकृत दुबळे असेल, किंवा रक्तदाब सावरण्यासाठी दिलेले अ‍ॅड्रिनलिनच त्याला कारण असेल! म्हणून एका मोजणीपेक्षा काही तासांनी केलेली दुसरी मोजणी अधिक बोलकी असते. सहाचे चार झाले, तर उपचार लागू पडत असल्याचे ते चांगले लक्षण होय. चाराचे सहा झाले, तर डॉक्टरांनी पुन्हा कारण शोधावयास हवे.

गंमत अशी की, या यंत्रमोजणीला एक साधा प्रतिस्पर्धी भेटला आहे. बोटाचे टोक काचपट्टीने दहा सेकंद दाबून सोडायचे, आणि गेलेली लाली किती वेळात परतते ते पाहायचे. तीन सेकंदांहून अधिक लागली तर अभिसरण मंद. दक्षिण अमेरिकेतील पाच देशांत ४२४ रोग्यांवर या दोन्ही रीतींची तुलना झाली आणि तिचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बोटावरून उपचार ठरविलेल्या गटात अठ्ठावीस दिवसांत शेकडा ३४.९ रोगी दगावले, लॅक्टेटवरून ठरविलेल्या गटात ४३.४. संख्याशास्त्राच्या कडक कसोटीला हा फरक थोडक्यात उतरला नाही. तरीही २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत इतर मोजण्यांच्या जोडीला बोट दाबून पाहण्याची शिफारस आली.